नवे रुग्ण, जुनी लागण : भारतातील एचआयव्हीच्या मोजणीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांना प्रश्न पडला असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं एड्सच्या आकडेवारीत काय काम? रास्त प्रश्न आहे. विषाणूची रचना, औषधांचे परिणाम हे डॉक्टरांनीच सांगावं, मी त्यात पडणार नाही. पण एखादी गोष्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, हा प्रश्न मात्र आमच्या घरचा आहे. आणि भारतातल्या एचआयव्हीच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा समोर येतो.

एका कोड्यापासून सुरुवात करू. २०२२ च्या एप्रिल महिन्यात माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरावरून एक बातमी देशभर छापून आली. दहा वर्षांत असुरक्षित शरीरसंबंधांमुळे सतरा लाखांहून अधिक भारतीयांना एचआयव्हीची लागण झाली, अशी ती बातमी होती. त्यात पुढे असंही होतं, की २०११-१२ या एका वर्षात हा आकडा २.४ लाख होता आणि २०२०-२१ मध्ये तो ८५,२६८ वर आला. माहिती पुरवणारी संस्था होती राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नाको’ म्हणतात. मराठी कानाला ते ‘नको’सारखं ऐकू येतं, आणि या विषयाबद्दलची आपली एकूण वृत्ती पाहता ते अगदीच चुकीचं नाही!

आता गंमत बघा. याच नाकोने २०१२ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला होता. २००० साली देशात २.७४ लाख नव्या लागणी झाल्या आणि २०११ मध्ये १.१६ लाख, असं त्यात म्हटलं होतं. सगळे मार्ग धरून, बरं का. म्हणजे एकाच संस्थेच्या हिशेबात २०११ च्या सुमारास सर्व मार्गांनी मिळून लागण झाली सव्वा लाखाच्या आत, आणि एकाच मार्गाने लागण झालेले निघाले २.४ लाख. भाग हा पूर्णापेक्षा मोठा कसा झाला?

उत्तर सोपं आहे, पण ते लक्षात न घेतल्यामुळे गेली चाळीस वर्षं घोटाळे होत आले आहेत. पहिला आकडा लागणींचा आहे आणि दुसरा निदानांचा. तपासणी केंद्रात येऊन ज्यांचं रक्त तपासलं गेलं, ज्यांच्यात विषाणू सापडला आणि ज्यांनी समुपदेशकाला लागणीचं कारण ‘शरीरसंबंध’ असं सांगितलं, अशा माणसांचा तो हिशेब होता. त्यांना लागण त्याच वर्षी झाली, असा त्याचा अर्थ नव्हता. बातमी देणाऱ्यांनी ‘सापडले’च्या जागी ‘लागण झाली’ लिहिलं. एक क्रियापद बदललं आणि इतिहासच बदलला.

एचआयव्हीच्या बाबतीत हा फरक इतका मोठा का? कारण हा विषाणू अंगात शिरल्यावर बराच काळ गप्प बसतो. उपचार नसले तर सरासरी आठ-दहा वर्षांनी माणूस आजारी दिसू लागतो. तोवर तो शेतात राबतो, ट्रक चालवतो, लग्न करतो, मुलं होतात. पटकीचा रोगी आज सापडला तर त्याला लागण याच आठवड्यातली. एचआयव्हीचा रुग्ण २०११ मध्ये सापडला तर त्याची लागण २०१० मधली असेल किंवा १९९९ मधलीही असेल. म्हणून एका वर्षाच्या नव्या निदानांत ताज्या लागणी असतात, तशीच अनेक वर्षांची थकबाकीही असते. त्यात एकच माणूस दोन केंद्रांवर तपासून घेऊन दोनदा मोजला जाण्याची शक्यता असते, ती वेगळीच.

मग नवी निदानं वाढली तर ती चांगली बातमी की वाईट? आणि घटली तर? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. इथे मला आपल्या दर्शनांतली एक जुनी चर्चा उपयोगी वाटते.

कुमारिल भट्टांच्या मीमांसेत आणि पुढे अद्वैत वेदान्तात ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन मानलं आहे – अनुपलब्धी. म्हणजे न दिसणं. टेबलावर घडा नाही हे मला कसं कळतं? तो दिसत नाही, यावरून. पण लगेच त्यांनी एक अट घातली. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून ‘घडा नाही’ असं म्हणता येत नाही. उजेड हवा, डोळे धड हवेत, आणि घडा असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. अशा परिस्थितीतलं न दिसणं म्हणजे योग्यानुपलब्धी. तेवढंच ज्ञान देतं. बाकीचं न दिसणं हे आपल्या अंधाराबद्दल सांगतं, घड्याबद्दल काहीच सांगत नाही.

ही अट मनात ठेवा आणि आता माझ्याबरोबर १९८६ सालात चला.

अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाली. लॉस एंजेलिसमधले पाच तरुण. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला, १९८५ मध्ये रक्ताची चाचणी वापरात आली. भारतात तोवर एकही रुग्ण नव्हता. म्हणजे कागदावर नव्हता. त्याचं कारणही आपल्याकडे तयार होतं : हा पाश्चात्त्यांचा स्वैराचाराचा रोग, आपली कुटुंबव्यवस्था भक्कम, आपल्याकडे हे कसं असेल? न दिसण्याला आपण संस्कृतीचं प्रशस्तिपत्र करून टाकलं. उजेड होता की नाही हे कुणी विचारलं नाही.

विचारलं ते मद्रासमधल्या दोन स्त्रियांनी. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन, आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला. सुनीतीबाई मूळच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. निर्मलांना प्रबंधासाठी विषय हवा होता. बाईंनी सांगितलं, वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने घे. निर्मलांनी सरकारी कोठडीवजा निवासात ठेवलेल्या स्त्रियांकडून नमुने गोळा केले, ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले, कारण चाचणीची सोय तिथे होती. सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. पुन्हा नमुने घेऊन अमेरिकेत खात्री करून घेतली गेली आणि निष्कर्ष कायम राहिला.

या घटनेने भारतात रोग आला असं नाही. तो आधीच आलेला होता. दिवा लागला, इतकंच झालं. पण दिवा कुठे लावला तेही पाहा. कोठडीतल्या स्त्रियांवर. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांवर नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ‘हा रोग त्यांचा’ अशी समजूत पक्की झाली. जिथे शोधतो तिथेच सापडतं, आणि जिथे सापडतं तिथलाच तो आहे असं वाटू लागतं. पुढे दहा-पंधरा वर्षांनी गावोगावी तरुण विधवा आणि गरोदर बायका बाधित निघू लागल्या तेव्हा समाज गोंधळला, त्याचं मूळ या समजुतीत होतं. त्यांच्यापैकी अनेकींनी नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष पाहिलेला नव्हता. लग्न हीच त्यांची जोखीम होती.

आता दुसरा मुद्दा. सापडलेल्या माणसाचं आपण काय केलं? माझ्या मते मोजणीच्या इतिहासाचा गाभा इथे आहे.

गोव्याचं उदाहरण घेऊ. डॉमिनिक डिसूझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घेऊन गेले. का, ते त्याला आधी कळेना. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा बाधित व्यक्तीला अलग ठेवण्याची तरतूद घातलेली होती. तिच्या आधारे त्याला म्हापशाच्या एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस पहाऱ्यात ठेवलं गेलं. त्याची आई ल्यूसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. मुलाची सुटका झाली. मात्र अलगीकरणाची तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. डॉमिनिकने उरलेलं आयुष्य बाधितांच्या हक्कांसाठी वेचलं. १९९२ मध्ये तो गेला.

आता साधा प्रश्न. त्या वर्षी गोव्यात कुणाला शंका आली असती की आपल्याला हा संसर्ग असेल, तर तो तपासून घ्यायला गेला असता का? रक्तदानालाही तो गेला नसता. सापडण्याचा अर्थ कोंडलं जाणं असेल तर माणूस सापडत नाही. पुढच्या वर्षीच्या आकड्यांत रुग्ण कमी दिसतात आणि अधिकारी म्हणतात, रोग आटोक्यात आहे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँडसाहेबाचे सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले. सापडलेला रोगी इस्पितळात, घरचे विलगीकरण छावणीत, सामानाची जाळपोळ. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते आपण शाळेत शिकतो. पण त्यामागची प्रशासकीय गोष्ट फारशी शिकवली जात नाही, की शोध जितका क्रूर, तितकी माहिती खोटी. नव्वद वर्षांनी नव्या रोगावर जुनाच प्रयोग झाला.

अर्थात त्या काळात सगळेच तसे नव्हते. १९९२ मध्ये नाको स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. त्याच वर्षी कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांचं काम सुरू झालं आणि आपल्या सांगलीत मीना सेषू यांची ‘संग्राम’ उभी राहिली. या दोन्ही ठिकाणची पद्धत रँडच्या नेमकी उलट होती. वस्तीतल्या बायकांनीच वस्तीतल्या बायकांना निरोध वाटायचे, त्यांनीच ग्राहकाला ‘निरोधशिवाय नाही’ असं सांगण्याची ताकद एकमेकींत आणायची. ज्यांना सरकार ‘रोगाचं मूळ’ समजत होतं, त्याच रोग थांबवणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एक महत्त्वाचा निकाल दिला. काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ तो एचआयव्हीबाधित आहे म्हणून सार्वजनिक क्षेत्रातली नोकरी नाकारता येणार नाही. निकालपत्रात त्याचं नाव नाही, फक्त अक्षरं आहेत. नाव लपवून का होईना, माणूस न्यायालयापर्यंत येऊ शकला.

आता देशाच्या आकड्यांकडे येतो. लोक स्वतःहून येत नसतील तर देशात बाधित किती, हे कळायचं कसं? त्यासाठी १९९८ पासून दरवर्षी एक पाहणी पद्धतशीरपणे सुरू झाली. ठरावीक सरकारी दवाखान्यांत, ठरावीक तीन महिन्यांत, ओळीने येणाऱ्या चारशे गरोदर स्त्रियांचं रक्त. ते रक्त गुप्तरोगाच्या नेहमीच्या तपासणीसाठी घेतलेलंच असायचं. उरलेल्या रक्तावरची नावनिशाणी पुसायची आणि एचआयव्हीची चाचणी करायची. म्हणजे सरकारला कळायचं की चारशेपैकी आठ जणी बाधित आहेत. कोणत्या आठ, ते कुणालाच कळायचं नाही. त्या बाईलाही नाही.

शास्त्र म्हणून हे चोख होतं. कुणी नकार देण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे नमुना एकांगी होत नाही. पण नीतीच्या दृष्टीने विचार करा. राष्ट्राला जे माहीत आहे, ते जिच्या शरीराबद्दल आहे तिला माहीत नाही. औषधच नव्हतं तोवर याचं समर्थन करता येत होतं. औषध आल्यावर प्रश्न बोचरा झाला.

या पाहणीत आणखी एक अडचण होती. १९९८ मध्ये अशी केंद्रं देशभरात दोनशेच्याही आत होती. अब्जभर लोकसंख्येचा अंदाज तेवढ्यावर बांधायचा. त्यात सरकारी दवाखान्यात येणारे लोक हे सगळ्या समाजाचे प्रतिनिधी नव्हेत. दक्षिणेत तर खासगी डॉक्टरांना संशय आला की ते रुग्णाला सरकारी इस्पितळाची वाट दाखवत. म्हणजे दिवा जिथे लावला होता, तिथेच बाधित अधिक गोळा होत होते.

परिणाम काय झाला बघा. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेशी संबंधित परिषदेने एक अहवाल काढला. २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोक बाधित असतील, असं भाकीत त्यात होतं. आपल्याकडे त्यावर संताप झाला, राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. २००६ मध्ये नाकोचा अंदाज होता ५२ लाख, तर संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेचा ५७ लाख. दक्षिण आफ्रिकेचा आकडा ५५ लाखांचा. म्हणजे भारत जगात पहिला! मथळे झाले.

आणि जुलै २००७ मध्ये सरकारने जाहीर केलं, की देशात सुमारे २५ लाख बाधित आहेत. एका वर्षात निम्म्याहून अधिक आकडा नाहीसा झाला. माणसं मेली नव्हती, बरी झाली नव्हती. मोजण्याची रीत बदलली होती. पाहणीची केंद्रं अकराशेच्या वर गेली होती. आणि मुख्य म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत प्रथमच घरोघर जाऊन, लोकांची संमती घेऊन, एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचं रक्त तपासलं गेलं होतं. त्यात १५ ते ४९ वयोगटात प्रमाण निघालं ०.२८ टक्के. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात आधीच झालेल्या एका घरोघरच्या अभ्यासातही सरकारी रीतीने येणाऱ्या आकड्याच्या निम्म्याहून कमी लोक बाधित आढळले होते. या सगळ्याचा मेळ घालून देशाचं प्रमाण ०.३६ टक्के धरलं गेलं.

तेव्हा दोन प्रकारची माणसं बोलू लागली. एक म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं परदेशी पैशांसाठी बागुलबुवाच दाखवत होता. दुसरी म्हणाली, आकडा कमी सांगू नका, निधी आटेल. मला दोन्ही म्हणणी सारखीच घातक वाटतात, कारण दोघांनाही सत्य नको होतं, उपयोगी आकडा हवा होता. पंचवीस लाख ही काय लहान संख्या आहे? आणि आधीचा अंदाज चुकला तो पद्धतीच्या मर्यादेने. ज्यांनी पद्धत सुधारली आणि स्वतःचाच आकडा निम्म्यावर आणून जाहीर केला, त्यांचा खरं तर सत्कार व्हायला हवा होता.

पण एवढ्यानेही ‘नव्या लागणी किती’ हा प्रश्न सुटत नाही. पंचवीस लाख हा साठा झाला. हौदात पाणी किती ते कळलं, नळ किती वेगाने चालू आहे ते कळलं नाही. ते ओळखण्याची एक हुशार युक्ती काही संशोधकांनी वापरली. दक्षिणेतल्या चार राज्यांतल्या, त्यात महाराष्ट्रही धरला होता, १५ ते २४ वयाच्या गरोदर मुलींचे आकडे त्यांनी वेगळे काढले. कारण वीस वर्षांच्या मुलीला लागण झाली असेल तर ती गेल्या तीन-चार वर्षांतलीच असणार. तिच्याकडे दहा वर्षांची थकबाकी असूच शकत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की २००० ते २००४ या काळात या वयातलं प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटलं आहे. म्हणजे ज्या वर्षांत जग भारताबद्दल दोन-अडीच कोटींची भाकितं करत होतं, त्याच वर्षांत दक्षिणेत नळ हळूहळू बंद होत होता. पुढच्या सुधारित अंदाजांनीही हेच दाखवलं. नव्या लागणींचा कळस १९९७ च्या सुमाराला होऊन गेला होता, आणि २०१९ पर्यंत त्या कळसापासून सुमारे ८६ टक्के घट झाली होती.

म्हणजे पाहा, लागणींची लाट ओसरू लागली १९९७ नंतर. निदानांची लाट मात्र नंतर चढत गेली. का? कारण २००४.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने आठ रुग्णालयांत विषाणूरोधक औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यातलं एक. हे शक्य होण्यामागे २००१ सालची एक घटना होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचं मिश्रण माणशी वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, देण्याची तयारी दाखवली. तेव्हा बड्या कंपन्यांची किंमत वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होती. औषध मिळू लागल्यावर सापडण्याचा अर्थच बदलला. डॉमिनिकच्या वेळी सापडणं म्हणजे पहारा. आता सापडणं म्हणजे गोळ्या, आणि गोळ्या म्हणजे मुलं मोठी होईपर्यंत जगणं. लोक येऊ लागले. तपासणी-समुपदेशन केंद्रं हजारांनी उघडली, गरोदर स्त्रियांना तपासणी सुचवली जाऊ लागली, बाळाला होणारी लागण टाळता येऊ लागली. वर्षानुवर्षं अंधारात असलेली माणसं उजेडात आली. २०११-१२ मधले ते २.४ लाख हे मोठ्या अंशी तेच लोक. बातमीने त्यांना त्या वर्षीचं संकट ठरवलं. वास्तविक ते त्या दशकातलं यश होतं.

आणि २०२०-२१ चे ८५,२६८? त्यात खरी घट आहेच, लागणी कमी होत होत्या, थकबाकीही संपत आली होती. पण ते कोविडचं पहिलं वर्ष होतं. गाड्या बंद, दवाखाने कोविडमध्ये गुंतलेले, लोक घरात. तपासण्याच कमी झाल्या. कुमारिलांची अट आठवा. त्या वर्षी खोलीतला उजेडच मंद होता. त्या वर्षीच्या न दिसण्यावर फार भरवसा ठेवता येत नाही.

कायद्यानेही उजेड कमी-जास्त होतो. पुरुषापुरुषांमधले संबंध ३७७ कलमाखाली गुन्हा होते तोवर त्यांच्यापर्यंत निरोध पोचवणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलीस त्रास देत. नाको ही सरकारचीच शाखा, पण २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तिने प्रतिज्ञापत्र दिलं, की हे कलम एचआयव्ही-प्रतिबंधाच्या आड येतं. त्याच खटल्यात सरकारच्या गृहखात्याची भूमिका उलटी होती. एकाच सरकारची दोन तोंडं! २००९ मध्ये उच्च न्यायालयाने ते कलम सैल केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते बंधन कायमचं सुटलं. त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा अमलात आला. संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय कुणाला सांगणं नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, घर भाड्याने देताना भेदभाव नाही. १९८९ च्या गोव्यापासून इथवर यायला एकोणतीस वर्षं लागली.

आज चित्र काय आहे? नाकोच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५.४४ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, प्रौढांत प्रमाण ०.२० टक्के. त्या वर्षातल्या नव्या लागणी ६८,४५०, म्हणजे २०१० च्या तुलनेत सुमारे ४४ टक्क्यांनी कमी. आता कुणी चिकित्सक श्रोता म्हणेल, २०२१ च्या अंदाजात तर ६२,९७० होत्या, म्हणजे वाढच झाली की! इथे सावध राहायचं. प्रत्येक नवा अहवाल नव्या माहितीने मागच्या सगळ्या वर्षांची पुन्हा मांडणी करतो. दोन अहवालांतल्या आकड्यांची वजाबाकी करायची नसते. तुलना एकाच अहवालाच्या आत करायची.

दुसरी गोष्ट, ‘राष्ट्रीय’ या शब्दाची. ०.२० टक्के हा देशाचा सरासरी आकडा. महाराष्ट्रात बाधितांची संख्या देशात सर्वांत जास्त आहे, सुमारे ३.९ लाख, पण इथे नव्या लागणी खूप उतरल्या आहेत. आणि मिझोराममध्ये प्रौढांत प्रमाण आहे २.७३ टक्के, देशाच्या तेरापटीहून अधिक. तिथे शरीरसंबंधांबरोबरच सुईने घेतल्या जाणाऱ्या अमली पदार्थांचा प्रश्न आहे. देशाची रेघ खाली उतरत असताना एखाद्या राज्याची रेघ वर जात असू शकते. ऐझॉलमधल्या तरुणाला सरासरीचा काय उपयोग?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जे बाधित आहेत त्यांच्यापैकी साधारण ८१ टक्क्यांना आपली अवस्था माहीत आहे. म्हणजे जवळपास पावणेपाच लाख माणसांना ती माहीत नाही. औषध आहे, मोफत आहे, सोळा लाखांहून अधिक लोक ते घेत आहेत. नियमित घेतलं आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागणही होत नाही. मग ही पावणेपाच लाख माणसं येत का नाहीत? काहींना शंकाच आलेली नाही. पण काहींना शंका आहे आणि भीती जास्त आहे. औषधाची नाही, आपली. गावात कळलं तर? सासरी कळलं तर? मुलाच्या शाळेत कळलं तर? कायद्याने भेदभाव बंद झाला, पण पाण्याचा पेला वेगळा ठेवणाऱ्याला कुठला कायदा पकडणार?

म्हणून मला वाटतं, ज्ञान आणि नीती यांचे आपण अभ्यासक्रमात जे दोन वेगळे पेपर करतो, ते या विषयात वेगळे राहत नाहीत. माणसांविषयीचं खरं ज्ञान हवं असेल तर माणसांना निर्भय करावं लागतं. सापडलेल्या एका माणसाशी आपण कसे वागलो, यावर पुढची शंभर माणसं सापडतील की लपतील हे ठरतं. नकाशावरची ती रेघ खाली उतरली, तर रोग कमी झाला की भीती वाढली, हे त्या रेघेवरून कळत नाही. ते आपल्या वागण्यावरून कळतं.

येत्या १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, वर्तमानपत्रात ‘जिल्ह्यात इतके नवे रुग्ण’ अशी बातमी येईल. ती वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. हे नवे रुग्ण म्हणजे नव्याने लागण झालेले की नव्याने सापडलेले? तपासण्या किती झाल्या, गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी? आणि कुणाच्या झाल्या, कोण राहून गेलं? तपासण्या वाढूनही सापडणारे कमी झाले असतील तर आनंद माना. तपासण्याच घटल्या असतील तर काळजी करा, आकडा कितीही गोड असो. आणि तुमच्या गल्लीतल्या कुणी मन घट्ट करून तपासून घेतलं आहे असं कानावर आलं, तर ते तुमच्या कानापर्यंतच राहू द्या.